वळणावरचं खळं

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवलेले नसतात, तोवर टाकव्याच्या रस्त्याला वास सुटतो. कापलेल्या इंद्रायणी भाताचा वास. कान्ह्याहून निघावं, रेल्वे मागे टाकावी, नदीवरचा पूल ओलांडावा, आणि पलीकडच्या चढावर धाप लागून तोंड उघडलं की तो वास नाकाआधी जिभेवर येतो. मोटारीत बसलेल्यांना तो कळतो की नाही कोण जाणे, त्यांच्या काचा वर असतात. सायकलवाल्याला सुटका नसते. वास, धूळ, शेणकूट, भज्यांचा घाणा, सगळं वाट्याला येतं. आज दुपारी परतताना तो वास आला आणि वळण यायच्या आतच माझा उजवा पाय चपलेतून आपोआप बाहेर आला. चप्पल कॅरियरला अडकवली आणि अनवाणी पाऊल पॅडलवर ठेवलं. मलाच हसू आलं. पायाला काय काय आठवत असतं, आणि ते डोक्याला न विचारता कसं आठवतं? दुसरी चप्पल काढायचं मात्र राहूनच गेलं.

मी टाकव्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. समोर आलेली वस्तू उचलायची, मापात बसते का बघायचं, चरा दिसला तर लाल खोक्यात टाकायची. वीस वर्षं दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेतल्यावर माणूस घरी येऊन वेगळं काय वागणार? नवरा म्हणतो, "तू स्वर्गात गेलीस तरी आधी पायऱ्यांची उंची मोजशील." मोजीन. पायऱ्या सारख्या नसतील तर कुणीतरी सांगायला नको?

सायकलीचं म्हणाल तर तो निव्वळ अपघात. एकदा कंपनीची बस चुकली म्हणून भावाची जुनी सायकल काढली, आणि पुढे मी बस मुद्दाम चुकवायला लागले. सातच्या शिफ्टला जाताना नदीवर धुकं, साडेतीनला परतताना पाठीवर ऊन. बसमध्ये जे दहा मिनिटांत संपायचं त्याला आता अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासात इतकं काही दिसायचं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. घरचे दोन दिवसांत कंटाळले. मग लेकीने एका रविवारी मला वेबसाइट कशी करतात ते दाखवलं, आणि मी 'घंटी' सुरू केली. त्यात एक सदर होतं, 'रस्त्याची तब्येत'. पुलाच्या तोंडाशी नवा खड्डा. फाट्यावरचं तांबडं कुत्रं सायकलीमागे लागतं, पण नाव घेऊन रागावलं की थांबतं. सकाळी हवा भरायची असेल तर अमुक टपरी. माझ्यासारख्याच चार-दोन सायकलवाल्यांनी वाचावं एवढीच अपेक्षा होती.

वाचायला मात्र भलतेच लोक आले. एकाने विचारलं, "ताई, आमची म्हैस रस्त्यात दिसली का? डावं शिंग वाकडं." दुसऱ्या दिवशी खरोखरच दिसली, आणि मी तसं लिहिलं. मग कुणाची किल्ली, कुणाचं लग्न, कुठल्या गावात आज पाणी नाही, असं सगळं त्यात येऊ लागलं. शनिवार-रविवारी पुण्याहून सायकली घेऊन येणारे हेल्मेटवाले वाचायचे, तसे कान्ह्यातले निवृत्त रेल्वे गार्डही वाचायचे. ते तर माझी वाक्यरचना तपासून पाठवायचे. अंधारात खडा टाकावा आणि कुणीतरी तो झेलून परत टाकावा, तसं मला वाटायचं. पलीकडे कोण आहे हे न कळताही माणूस लिहीत कसा जातो, याचं मला अजून कुतूहल आहे.

चार वर्षांपूर्वी याच दिवसांत मी त्या वळणावर आले आणि ब्रेक दाबला. अर्ध्या रस्त्यावर भात पसरलेलं. कडेने दगडांची रांग, मध्ये पिवळाधमक पट्टा. समोरून टेम्पो येत होता, म्हणून मी घंटी वाजवून भाताच्या कडेवरून सायकल घातली. दाणे चाकाखाली करकरले आणि झाडाखालून आवाज आला.

"ये बाय! उतर खाली! खळ्यात सायकलवर बसून येती व्हय?"

पासष्टीच्या पुढची, बुटकी, काटक बाई. या हिराबाई मावशी. वरच्या ठाकरवाडीवर राहणाऱ्या, ओढ्याकाठी दोन तुकडे भात करणाऱ्या. मी उतरले तरी त्यांचं समाधान होईना. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"वहाना कोन काडनार?"

"मावशी, हा डांबरी रस्ता आहे," मी म्हटलं.

"भात जितं पडतं तितं खळं," त्या म्हणाल्या. वाद मिटल्यासारखा त्यांनी पदर झटकला. मी चपला काढून हातात घेतल्या, सायकल कडेकडेने ढकलत नेली. डांबर तापलेलं आणि दाण्यांची टोकं टोचरी. घरी पोहोचेपर्यंत माझं डोकंही तापलेलंच होतं. उतरले तेव्हा काढलेला फोटो 'घंटी'वर टाकला आणि वर लिहिलं, 'आजचा अडथळा: अर्ध्या रस्त्यावर भात. उरलेल्या अर्ध्यावर आपण. चपला काढून जावे.' खाली दोन टोमणे. लोक हसले, मीही हसले. गार्डसाहेबांनी स्वल्पविराम सुचवला. मग मी ते विसरून गेले.

विसरले, कारण दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम तिथे थांबायला लागले. मला कोडं पडलं होतं. रस्त्यावर कसला आलाय धर्म? खळं म्हणजे सारवलेली जमीन, हे शाळेत शिकले होते. हिराबाईंचं तसं खळं होतं, वाडीखालच्या माळावर, त्यांच्या सासऱ्यांच्या आधीपासूनचं. माळ त्यांच्या नावावर कधीच नव्हता. मालकाने तो विकला, भिंत झाली, भिंतीआड बंगला झाला. गावातली बाकीची खळी ज्याच्या त्याच्या भाताने भरलेली. उरला रस्ता. हे सगळं त्यांनी कुरकुर न करता सांगितलं, आणि सांगताना त्या भातातून पाय ओढत चालत होत्या. उजवा, डावा, उजवा, डावा. मागे नांगरल्यासारख्या रेघा उमटत होत्या. खालचा ओला दाणा वर, वरचा तापलेला खाली.

"दांडक्यानं का हलवत नाही? पाय भाजत नाहीत?"

"दांडक्याला काय कळतं? पायाला कळतं कुटं वल हाय आन् कुटं तापलंय. डांबर लय वंगाळ. जास्ती तापलं का गिरनीत दाना फुटतो, कन्या व्हतात. कमी वाळलं का बुरशी." त्यांनी दाणा उचलून दाताखाली धरला. "आजून मऊ हाय. कट वाजाय पायजे."

मी उभीच राहिले. म्हणजे चपला काढायच्या त्या नुसत्या पाया पडायला नव्हे. तळवा हे त्यांचं मोजायचं यंत्र होतं! कारखान्यात आमच्याकडे ओल मोजायला, ताप मोजायला काय काय उपकरणं, आणि ही बाई सगळं दोन पायांवर आणि एका दाढेवर भागवत होती. मीही चपला काढून मागोमाग चालू लागले. चार दिवसांत मला सावलीतलं आणि उन्हातलं भात डोळे मिटून ओळखता येऊ लागलं. निदान मला तसं वाटत होतं. त्यांची सून सुनंदा हसायची. "कंपनीतून सुटल्याव लोक घरी जात्यात, ह्या हितं डुटीला येत्यात."

पाचव्या दिवशी वळणावर ग्रामपंचायतीचे बाळूभाऊ उभे होते. बिचारे मान खाली घालून. वरून फोन आला होता. रस्त्यावर भात टाकल्याचा फोटो सगळीकडे फिरतोय, उद्या एखादी मोटरसायकल घसरली तर जबाबदार कोण, आज संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला पाहिजे. लोणावळ्याच्या अंगाला आभाळ भरून आलं होतं. भात अजून अर्धं ओलं. ओलं भात पोत्यात कोंबलं तर ते तापतं, कुजतं. हिराबाईंचं आणि सुनंदाचं, तिच्या दोन लेकरांचं वर्षाचं खाणं त्या पट्ट्यात पसरलेलं होतं.

"कुनी काडला आसंल गं फोटू?" हिराबाई मला विचारत होत्या. "तुजं त्ये कंपुटरातलं हाय न्हवं, त्यात लिव की. म्हनावं, आमी काय कुनाचं वाकडं केलतं?"

तो फोटो त्यांना कुणी दाखवला नव्हता. मी गप्प बसले असते तर त्यांना कधीच कळलं नसतं. खरं सांगते, तसा विचारही मनात येऊन गेला. पण मी अनवाणी त्या भातात उभी होते.

"मावशी, तो फोटो मीच काढला. पहिल्या दिवशी. रागात."

सुनंदाने सूप खाली ठेवलं. बाळूभाऊ झाडाकडे बघायला लागले. हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग परत माझ्याकडे.

"वाटलं न्हवतं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग वाकून गोणीचं तोंड उघडलं. "धर हितं. भात भराय लाग आदी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लाजेने मान वर होत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं, आणि त्यात मी एकटीच उघडी उभी होते. भरता भरता मी फोन काढला आणि 'घंटी'वर लिहिलं: 'परवा रस्त्यावरच्या भाताचा फोटो टाकून मी थट्टा केली. ती माझी चूक होती. त्या फोटोमुळे एका घराचं भात रस्त्यावरून उठतं आहे. दोन दिवस ऊन लागेल अशी गच्ची कुणाकडे आहे का? आणि ज्याच्याकडे सायकल आहे त्याने टाकव्याच्या वळणावर यावं. लगेच.'

पंधरा-वीस मिनिटं कुणीच आलं नाही. मग गार्डसाहेब आले, त्यांच्या काळ्या उभ्या सायकलवर, पँटला पायाशी चाप लावून. मागोमाग टाकव्याच्या शाळेतल्या एक बाई. मग कारखान्यातले दोघे. मग शनिवार असल्यामुळे हेल्मेटवाल्यांची एक तुकडी, अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांत. आलेल्यांनी देऊ केलेल्या गच्च्या, माझी धरून, सात झाल्या. हिराबाईंनी त्यांच्या सायकलींना एक फेरी मारली.

"येवडी मोटी सायकल, आन् मागं गोन ठिवाय जागा न्हाई?"

"मावशी, हलकी आहे. एका बोटावर उचलता येते," एक जण अभिमानाने म्हणाला.

"मंग तू तिला उचल. गोन ह्यांच्या सायकलीव जाऊ दे." आणि खरंच, लाखाची सायकल हाताने ढकलत तो गार्डसाहेबांच्या कॅरियरवरची गोणी धरून चालत निघाला.

पण त्याआधी एक अडचण आली. खळ्यात भाताची रास लागते, तिची पूजा होते, मगच भात बाहेर पडतं. रास लागायच्या आत खळं मोडलं तर बरकत जाते. हिराबाई गोणीवर हात ठेवून बसल्या. एका घराचं भात सात गच्च्यांवर? कसं शक्य आहे? आभाळ गडगडलं. मीच बोलले, बोलायचा हक्क नसताना.

"मावशी, तुम्हीच म्हणालात ना, भात जिथं पडतं तिथं खळं?"

त्यांनी गोणीवरचा हात काढला. मग उठल्या, ओंजळभर भात सुपात घेतलं, रस्त्याच्या कडेला झाडाखाली ठेवलं आणि भोवती दगड मांडले. "खळं हितंच हाय," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "बाकीचं भात पावनं म्हनून चाललंय. दोन रोजानं म्हागारी यील." मग बोट उगारून, "आन् वहाना काडून जायाचं भाताव. समद्यांनी." बाळूभाऊ रस्ता मोकळा झाला की नाही ते बघायला पुढे गेले. सुपाजवळ पोहोचले तसे त्यांनी चपला काढल्या, आणि वळसा घालून परत घातल्या.

रात्रीचा पाऊस नुसता भुरभुरला. ताडपत्र्या होत्याच. पुढचे दोन दिवस 'घंटी'वर दुसरं काही आलं नाही. शाळेच्या बाईंनी लिहिलं, 'दाणा चावून पाहिला. कट नाही, कुट वाजलं. काय करू?' सुनंदाने फोनवरून उत्तर दिलं, 'आजून येक ऊन.' गार्डसाहेब तर तासातासाला अहवाल देत होते, गाडी कुठल्या स्टेशनात आली ते सांगावं तसे. लाखाच्या सायकलवाल्याने कान्ह्यात मुक्कामापुरत्या भाड्याने घेतलेल्या फ्लॅटच्या गच्चीवर त्याची सगळी मित्रमंडळी पाय ओढत फिरत होती, त्याचा व्हिडिओ आला. मला मौज वाटत होती. ज्या पानावरून ते भात उठलं, त्याच पानावर ते आता पसरलं होतं. हे काय गौडबंगाल आहे? तीच मी, तेच बोट, तेच बटण.

माझ्याही गच्चीवर एक गोणी होती. मी हट्टानेच मागून घेतली होती. सोमवारी शिफ्ट होती, म्हणून मी शास्त्रशुद्ध काम करायचं ठरवलं. पट्टीने जाडी मोजून थर दिला. नवऱ्याला वेळापत्रक लिहून दिलं, दर दोन तासांनी फळीने हलवायचं. रविवारी मी स्वतः हलवलं तेही फळीनेच, आणि गच्ची फार तापली म्हणून पायात स्लिपर घालून. चार दिवसांत आपल्याला सगळं कळलं अशी माझी खात्री होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडाखाली सगळ्या गोण्या परत आल्या. हिराबाई प्रत्येकीत हात घालायच्या, एक दाणा दाताखाली धरायच्या. कट. गार्डसाहेबांची मान ताठ झाली. कट. शाळेच्या बाईंनी टाळी वाजवली. कट, कट. मग एका गोणीपाशी दाणा चावला आणि त्यांनी हातावर थुंकला. त्याचे तीन तुकडे झाले होते.

"ही कुनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"पाय घातलता का न्हाई त्यात?"

मी नकारार्थी मान हलवली. सगळे हसले आणि मला हसावं की रडावं कळेना. सुपातल्या ओंजळीवर बाकीचं भात ओतून रास लागली, हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. माझी गोणी राशीत गेली नाही, ती बाजूलाच राहिली. गिरणीतून आल्यावर त्यातल्या कण्यांची एक पिशवी सुनंदाच्या हाती माझ्या घरी आली, सोबत निरोप. "आत्यांनी सांगितलंय, ह्या खावा वर्सभर. आन् तुमच्या गच्चीव आता भात न्हाई यायचं." लाल खोकं कुणी कुणाला दाखवावं! आम्ही त्या कण्या ताकात शिजवून खाल्ल्या. चवीला उत्तम होत्या.

तेव्हापासून दरवर्षी भात पाहुणं जातं. रस्त्यावर आता कुणी पसरत नाही. वळणावर झाडाखाली सूप, भोवती दगड, आणि सायकलींची रांग. गच्च्या वाढल्या, माणसं वाढली. हेल्मेटवाल्याने त्या लाखाच्या सायकलीला कॅरियर बसवून घेतलं आहे. गेल्या तिन्ही हंगामांत मीच 'घंटी'वर हाक दिली, मीच गोण्या बांधल्या, इतरांच्या गच्च्यांवर नेऊन पोहोचवल्या. हिराबाई माझ्याशी बोलतात, चहा देतात, मुलीची चौकशी करतात. पण माझ्या गच्चीचं नाव एकदाही निघालं नाही, आणि मी विचारलं नाही. तो फोटो मी काढून टाकलेला नाही. टोमण्यांसकट तिथेच आहे. दर दिवाळीला मी तो उघडून बघते. मग एखाद्या निवांत दुपारी गच्चीवर जाऊन, काहीच पसरलेलं नसताना, अनवाणी फिरते. कुठे तापतं, पाण्याच्या टाकीची सावली किती वाजता कुठे सरकते, ते पायाला सांगून ठेवते. नवरा खालून ओरडतो, "काय मोजतेस?" काही मोजत नाही, हे त्याला पटत नाही.

आज वळणावर पोहोचले तेव्हा सूप ठेवून झालं होतं. हिराबाई आता काठी घेऊन बसतात. बाळूभाऊ गोण्यांची तोंडं शिवत होते, त्यांच्या चपला बाजूला. मी सायकल लावली आणि सवयीने विचारलं, "कुठली कुठं न्यायची, सांगा."

हिराबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. उजवा अनवाणी, डाव्यात चप्पल.

"येकच काडली व्हय? दुसरी कोन काडनार?"

मी दुसरी काढली. त्यांनी काठीने एका गोणीला टोचलं.

"ही तुज्या गच्चीव ने," त्या म्हणाल्या. "पाय धुऊन घे आदी."